बायकोच्या छातीवरची नळी

माझ्या बायकोच्या छातीत, उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, एक नळी बसवली होती. हातावर सलाईनची असते तसली नव्हे. ही कातड्याखालनं जाऊन थेट काळजाजवळच्या मोठ्या शिरेत उतरलेली. बाहेर तिची दोन तोंडं लोंबायची, एकाला लाल टोपण, एकाला पांढरं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "हे घराचं दार समजा. औषध, रक्त, सगळं इथनंच आत जाणार. पण दार आहे म्हटल्यावर चोर पण इथनंच जाणार."

तिला हाडाच्या आतल्या मगजाचा कॅन्सर होता. पाठ दुखते म्हणून आम्ही लई दिवस शेक देत बसलो, तेल चोळलं, मग एकदा खोकताना बरगडी मोडली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तिच्याच रक्तातल्या मूळ पेशी मशीनवर काढून ठेवल्या. मग जालीम औषध देऊन आतलं सगळं मारलं, आणि काढून ठेवलेल्या पेशी त्याच नळीतनं परत सोडल्या. मला डॉक्टरांची भाषा कळली नाही, मी माझ्या भाषेत समजून घेतलं. तण जात नाही म्हणून सगळं रान जाळायचं आणि राखून ठेवलेलं बी पुन्हा टाकायचं. बी वर येईपर्यंत रान उघडं. एक किडा आला तरी सगळं खलास.

दवाखाना कोल्हापुरातच. तिथं एक सिस्टर होती, कागलकडची. वयानं माझ्या नातीएवढी, पण बोलायला खमकी. घरी सोडायच्या आधी तिनं मला नळापाशी नेलं आणि म्हणाली, "आजोबा, हात धुवून दाखवा."

मी म्हटलं, "सिस्टर, जन्मभर धार काढली मी. हात धुवायला मला शिकवू नका."

"तेच बघायचंय. धुवा."

मी नळाखाली हात धरले, चोळले, झटकले. ती हसायला लागली. "ह्या हातावर म्हैस पान्हा सोडंल आजोबा, पण आजीच्या नळीला हा हात चालायचा न्हाई." मग तिनं साबण लावून बोटांच्या बेचक्यातनं, नखांच्या कडंनं, मनगटापर्यंत कसं धुवायचं ते दाखवलं. आजूबाजूला चार माणसं बघत होती. म्हातारा हात धुवायला शिकतोय म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मला वाटलं होतं, एवढीच काय ती लाज.

बाकीचंही तिनं पढवलं. जागा कोरडी ठेवायची, अंघोळीचं पाणी लागू द्यायचं नाही. टोपणांना उगीच बोट लावायचं नाही. वर घट्ट काही घालायचं नाही, पुढनं बटणं असलेला सैल सुती गाऊन घालायचा, म्हणजे नळी ओढली जात नाही आणि घाम धरत नाही. पट्टी बदलायला दर आठवड्याला दवाखान्यात यायचं. आणि रोज सकाळी उजेडात नळीची जागा बघायची. वरची पट्टी पारदर्शक असते, ती काढायची नाही, वरनंच बघायचं. कुठं सुटलीय का, लाल दिसतंय का, ओल आहे का. थंडी वाजून आली किंवा ताप शंभराच्या वर गेला तर वाट बघायची नाही, असाल तसं उठून यायचं.

"आणि आजोबा, विचारायचं न्हाई, बघायचं," ती म्हणाली. "बायका विचारलं की 'बरं हाय' म्हणतात."

मी म्हटलं, "बघतो की. त्यात काय एवढं."

आमचं घर गडमुडशिंगीला. लेक वारणानगरला दिलेली. ती चार दिवस येऊन राहिली, खोली फिनेलनं धुवून घेतली, दोन गाऊन आणून दिले आणि पोरांच्या परीक्षा म्हणून परत गेली. घरात आम्ही दोघंच. गोठ्यात जाऊन आलेला माणूस नळीजवळ नको, म्हणून माझ्या दोन म्हशी थोरल्या भावाच्या गोठ्यात नेऊन बांधल्या. दादाचं घर आमच्याच गल्लीत. रोज सांच्याला तो घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसायचा, म्हशींनी किती दूध दिलं, कुणी वैरण टाकली, कुठली लाथ मारते ते सांगायचा. चहा प्यायचा आणि जायचा. ऐंशीच्या घरातला माणूस, माझ्या म्हशी सांभाळतोय, त्याला येऊ नको कसं म्हणायचं? सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, सोप्यात लांब बसू दे, आत नको.

आता आमच्यातली रीत सांगायला पाहिजे. थोरल्या दिरापुढं भावजय डोईवर पदर घेतल्याशिवाय येत नाही. बायको लग्न होऊन आली तेव्हापासनं दादा सोप्यात आला की ती उठून आत जायची. चहा आणलाच तर पदर पुढं ओढून, कप टेकवून, मागं फिरायची. एवढी वर्षं दोघं एका गल्लीत राहिली, पण समोरासमोर उभं राहून दोन वाक्यं बोलली असतील असं मला आठवत नाही.

घरी आल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी ती गाऊन घालून सोप्याच्या उंबऱ्यात वाऱ्याला बसली होती. डोक्यावरचे केस औषधानं गेलेले, वर लेकीनं बांधलेला रुमाल. तेवढ्यात दादा आला. ती धडपडत उठली आणि आत गेली. दादा गेल्यावर मी आत जाऊन तिला म्हटलं, "सांच्याला दादा येतोय ठाऊक हाय न्हवं? झगा घालून दारात काय बसतीस? लोकं काय म्हणतील?"

"सिस्टरनं सांगितलंय घालायला."

"सिस्टर काय हितं राहाती व्हय?"

 दुसऱ्या दिवशी सांच्याला बघतो तर नऊवारी नेसलेली, अंगात चोळी, डोक्यावरनं पदर. नळीची तोंडं फडक्यात गुंडाळून चोळीत खोचलेली. मला बरं वाटलं. घर पहिल्यासारखं दिसायला लागलं.

दिवस चैत्राचे. पत्र्याच्या घरात दुपारी जीव नको व्हायचा. त्यात चोळी घालायची-काढायची तर हात मागं न्यावा लागायचा आणि नळी ओढायची. म्हणून ती पुढं पुढं चोळी काढायचीच बंद झाली. सकाळी घातली की निजेपर्यंत तीच, पट्टी बदलायला दवाखान्यात जायच्या दिवशी तेवढा गाऊन. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही.

आणि सकाळचं बघणं? ते असं व्हायचं. मी साबण लावून हात धुवायचो. सिस्टरनं दाखवलं तसंच, बेचक्यातनं, नखाकडंनं, मनगटापर्यंत. हातात काही चुकू दिलं नाही मी. मग खोलीच्या दारात उभा राहायचो, तोंड भिंतीकडं करायचो आणि विचारायचो, "बरं हाय न्हवं?"

"हाय की," ती म्हणायची.

तेवढं ऐकलं की धुतलेले हात टॉवेलला पुसून मी बाहेर.

कुणी म्हणेल, हा कसला माणूस, बायकोकडं बघायला लाजतो. आमचं लग्न झालं तेव्हा एका घरात आई-बा, दादा-वहिनी, चुलते, पोरंटोरं. दिवसा नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हती, काय पाहिजे ते पोरांच्या तोंडी निरोप. पुढं घरं वेगळी झाली, आम्ही दोघंच उरलो, पण वळण तेच राहिलं. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी दिवसाउजेडी मी तिला उघडी बघितलेली नव्हती. आता म्हातारपणी, आजारी, केस गेलेली, तिला म्हणायचं चोळी काढ, मी बघतो? माझी जीभ वळायची नाही. तिची पण इच्छा नसणार असं मी धरून चाललो. ते मला सोयीचं होतं.

अधनंमधनं सिस्टरचा फोन यायचा.

"आजोबा, आज बघितली का जागा?"

"बघितली की. चकचकीत हाय."

"चकचकीत म्हणजे? लाल न्हाई न्हवं?"

"न्हाई ओ. एकदम फस्क्लास."

खोलीत बायको पडलेली असायची, तिला सगळं ऐकू जायचं. ती आढ्याकडं बघत राहायची.

एक दिवस दुपारी जेवण झालं, आणि बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडत नव्हतं, आणि ही म्हणाली, "अवो, जरा वाकळ टाका अंगावर." मी टाकली. दुसरी मागितली. दोन वाकळांखाली तिचे दात वाजायला लागले, कॉट हलायला लागली. ताप बघायची काडी लावली तर आकडा एकशे दोनच्या पुढं. मी गल्लीतल्या रिक्षावाल्याला हाक मारली. आवाज ऐकून दादा पण काठी टेकत आला.

आत आलो तर ही उठून उभी, एका हातानं भिंत धरलीय आणि ट्रंकेत हात घातलाय.

"काय करतीस?"

"लुगडं बदलते. ह्येला डाग पडलाय."

मी ओरडलो, "अगं मरायला लागलीस आन् लुगडं कसलं बदलतीस!"

ती थरथरत होती, पण वळून माझ्याकडं बघून बोलली, "तुमीच म्हणता की, लोकं काय म्हणतील."

दादा दारातच उभा होता.  तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात सिस्टरनं पडदा ओढला आणि मला म्हणाली, "तुम्ही थांबा इथंच, बघा." कात्री घेऊन तिनं नळी एका हातानं बाजूला धरली आणि चोळी कापली. माझ्या बायकोची चोळी त्या पोरीनं कापली आणि मी पहिल्यांदा ती जागा बघितली. पट्टी खालच्या अंगानं सुटून गुंडाळी झाली होती. आत घाम साठलेला. चोळीच्या शिवणीनं आणि मंगळसूत्राच्या मण्यांनी घासून कातडं सोललेलं, आणि नळी जिथनं बाहेर येते तिथं लालभडक, कडंला पिवळं पाणी. नळी कातड्याखालनं वर गळ्याकडं जाते ना, त्या वाटेवर पण लाल पट्टा उठला होता.

सिस्टरचा हात थांबला. "आजोबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात जागा साफ आहे. बघितलं होतं न्हवं?"

माझं तोंड उघडायच्या आत बायको बोलली. दात वाजत होते तरी शब्द न् शब्द कळत होता. "बघितलं व्हतं त्यांनी. रोज बघत्यात. ह्ये मलाच काल झोपंत लागलं."

काल झोपेत लागून एवढं होत नाही हे कळायला नर्स व्हावं लागत नाही. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी वरच्या पंख्याकडं बघितलं. तिनं परत विचारलं नाही, कामाला लागली.

नळीतनं एक आणि हातातनं एक असं रक्त तपासायला घेतलं. जंतू रक्तात गेले होते. आधीच तिच्यात ताकद नाही, पेशी आत्ता कुठं धरायला लागलेल्या. डॉक्टर म्हणाले, नळी काढावी लागेल, जालीम औषध देतोय, पुढचं सांगता येत नाही. नंतर सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, नीट सांभाळलं तरी कधी कधी होतं हे." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. नीट सांभाळलं त्या माणसाला ती गोष्ट लागू.

बाहेरच्या बाकावर मी आणि दादा बसलो होतो. दादा काठीशी खेळत होता. मग म्हणाला, "काय रं, ती पोरगी म्हणत हुती गाऊन घालायला सांगितला हुता. मग घातला का न्हाई?"

"तू येतोस म्हणून."

"मी?"

"थोरला दीर न्हवं तू. तुझ्यापुढं झगा घालून कशी बसंल ती?"

दादा माझ्याकडं असा बघायला लागला जसं काय मी कानडीत बोललो. "आरं येड्या, माझी सून गाऊन घालून मला भाकरी वाढत्या. मी काय तिच्या अंगाकडं बघत जेवतो व्हय? ताटाकडं बघतो. सगळ्या गल्लीतल्या बाया सांच्याला गाऊनवर पाणी भरत्यात, तुझं डोळं कुठं असत्यात?"

"रीत हाय आपली..."

"मला कधी इचारलंस? एका सबदानं इचारलंस?"

नव्हतं विचारलं. ज्याच्यासाठी म्हणून मी तिला चोळीत कोंबली त्याला त्याचं काही नव्हतंच. रीत दादाची नव्हती, आई-बाची पण नव्हती, ती दोघं तर कधीच वर गेलेली. ती एकट्या माझ्यापाशी उरली होती. दादाच्या जवळ बसणं मला नको झालं. पाणी पिऊन येतो म्हणून मी उठलो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

त्या तापातनं ती उठली. कशी उठली ते डॉक्टरांनाच ठाऊक, आणि तिला. रक्त साफ झाल्यावर डाव्या बाजूला नवी नळी घातली, कारण रक्त चढवायचं चालूच होतं आणि हाताच्या शिरा संपल्या होत्या. घरी आणताना तिच्या अंगावर गाऊन होता. मंगळसूत्र गळ्यातनं काढून सिस्टरनं मनगटाला बांधून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुतले आणि खोलीत गेलो. दारात थांबलो नाही, पण कॉटपाशी जाऊन खांबासारखा उभा राहिलो. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिनंच गाऊनची वरची बटणं सोडली. मी परत भिंतीकडं बघायला लागलो.

"अवो," ती म्हणाली, "म्हशीच्या कासंला जरा सूज आली तर लांबनं वळखता. हात लावून, दाबून, चारी सड बघता. माझ्याकडं बघायला काय झालंय? का मी दूध देत न्हाई म्हणून?"

आणि हसली. केस नसलेलं डोकं, खोल गेलेले डोळे, आणि हसत होती. मला हसता आलं नाही. मी खाली बसलो आणि बघितलं. कातडं कागदासारखं झालेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. उजव्या बाजूला जुन्या जागेवर काळपट वण. डाव्या बाजूला पट्टीखाली नवी नळी, जागा कोरडी, कडंला जराशी गुलाबी. माझ्या बायकोची छाती मी म्हातारपणी, उजेडात, जंतू बघायला म्हणून बघितली. तिला पण लाज वाटत होती. डोळे मिटून बसली होती, मानेवरची शीर उडत होती. पण तिनं बटणं सोडली होती.

सिस्टरचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "खालच्या अंगाला हरभऱ्याएवढी गुलाबी जागा हाय. ओल न्हाई. पट्टी चारी बाजूनं घट्ट हाय. वरच्या वाटंवर लाली न्हाई."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज बघितलंत आजोबा."

मग मी रोज बघितलं. ती नळी शेवटपर्यंत चांगली राहिली आणि काम झाल्यावर काढली. दादा सांच्याला यायचा, ही गाऊनवर उंबऱ्यात बसायची. पहिल्या दिवशी दादा तिला मोठ्यानं म्हणाला, "बरं हाय का पोरी?" आणि ती "हाय" म्हणाली. पुढं पुढं दोघं म्हशींवर माझ्यापेक्षा जास्त बोलायची.

त्यानंतर बरेच दिवस तिनं चांगले काढले. मग दुखणं उलटलं आणि गेल्या साली ती गेली. नळीनं गेली नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि मला ते पटतं. पण ज्या दिवसात ती त्या तापात पडली होती, ते दिवस मी तिच्या आयुष्यातनं खाल्ले, हे पण पटतं. सिस्टरपुढं खोटं का बोललीस, हे मी तिला कधी विचारलं नाही. वेळ भरपूर होता. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

बाराव्याला घर पावण्यांनी भरलं होतं. कुरुंदवाडकडची तिच्या माहेरची मंडळी सोप्यात बसली होती. तिचा चुलतभाऊ म्हणाला, "दाजी, बाईचं तुमी लई केलं. असा नवरा मिळायला नशीब लागतं." बायकांनी माना डोलवल्या. दादाला भरून आलं होतं. तो काठी आपटत त्यांना सांगायला लागला, "आवो, दवाखान्यातनं नळी घालून आणली हुती तिला. ह्यो रोज सकाळी हात धुवून, उजेडात धरून बघायचा. पहिल्या दिवसापासनं. एक दिवस चुकला न्हाई."

दादाला गाऊनचं माहीत होतं, भिंतीचं माहीत नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान खाली घातली. कुणीतरी शेजारनं पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, रडू दे त्याला, मोकळं होऊ दे. दुःख होतंच. पण मान दुःखानं खाली गेलेली नव्हती.